तिवरांतले कोकीळ : चौदा आठवड्यांची खाडाखोड

एप्रिलच्या सुरुवातीलाच ठरवलं होतं, या हंगामात नवनवे पक्षी शोधत हिंडायचं नाही. खाडीच्या बांधावर एकच जागा, समोर तिवरांची राई, आठवड्यातून तीन सकाळी, दोन-दोन तास. मोजायचे ते फक्त कोकीळ कुळातले पक्षी. चौदा आठवड्यांत नोंदींपेक्षा खाडाखोडच जास्त झाली आहे, आणि सांगण्यासारखं तेच आहे.

पहिली खाडाखोड कोकिळेची. चढत जाणारी 'कुऊ-कुऊ' नराची, हे आपल्याला पाठ असतं. त्या नादात मी मादीला मुकीच धरून चालले होते. सातच्या सुमारास तिवरांतून घाईघाईचं 'किक-किक-किक-किक' यायचं, ते पाच आठवडे मी 'शिक्रा?' (म्हणजे छोटा शिकारी पक्षी) असं प्रश्नचिन्हासकट लिहीत राहिले. सहाव्या आठवड्यात तो ओरडणारा पक्षी डोक्यावरून गेला: तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, शेपटीवर पट्टे, आणि मागे चिडलेले दोन कावळे. शिक्र्याच्या अकरा नोंदी खोडल्या. कावळे तिच्या मागे का, ते वेगळं सांगायला नको. जवळच त्यांचं घरटं होतं. जूनअखेर त्याच जोडीला एक काळपट, सतत तोंड वासणारं पिल्लू भरवताना पाहिलं. ते कावळ्याचं नव्हतं.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी, कारण ती भारद्वाजाबाबत झाली आणि भारद्वाज मला 'येतो' अशी माझी समजूत होती. पहाटे दोन पक्षी एकमेकांना 'कूप-कूप-कूप' अशी साद घालतात, एकाचा आवाज खर्जातला, दुसऱ्याचा जरा वरचा. मी बेधडक खर्जाला नर लिहून टाकलं. उलटं आहे! या कुळात भारद्वाजांच्या माद्या नरांपेक्षा थोड्या मोठ्या असतात आणि जुगलबंदीत खालचा सूर मादीचा असतो. दिसायला दोघं सारखेच, तेव्हा दुर्बीण इथे काही मदत करत नाही. सगळा रकाना उलटा करावा लागला.

पण भारद्वाजानेच सगळ्यात जास्त दिलंही. ओहोटीला तो राईच्या कडेने चालतच येतो, तिवरांच्या वर आलेल्या श्वासमुळांमधून पाय उचलत, मधेच थांबून गोगलगाय टिपतो. उडणं जिवावर आल्यासारखं. पावसाच्या सरीनंतर पंख पसरून बसला की तांबूस रंग कुठून कुठवर आहे ते नीट पाहता येतं. बांधावरच्या काटेरी झुडपात पानं-काड्यांचं घुमटासारखं घरटं होतं. मी वीस पावलांवरूनच पाहिलं, जवळ गेले नाही. दोघंही आळीपाळीने चोचीत काहीतरी घेऊन आत जात होते. आपण या कुळाला 'परक्याच्या घरट्यात अंडी घालणारे' म्हणून ओळखतो, पण जगभरच्या दीडशेच्या आसपास जातींपैकी निम्म्याहून जास्त आपली पिल्लं स्वतःच वाढवतात. अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांवरचा खारफुटी-कोकीळही त्यांतलाच.

बाकीच्यांची हजेरी थोडक्यात. चातक दहाव्या आठवड्यात, पहिल्या मोठ्या पावसाच्या आसपास आला. सातभाईंचा थवा त्याला हुसकावत होता. कारुण्य कोकिळा चार वेळा फक्त ऐकली. पावशा रात्रीसुद्धा ओरडत होता, म्हणजे मोजणीच्या वेळेबाहेर, म्हणून नोंद नाही. हिरव्या चोचीचा मुंगश्या एकदाच, जेमतेम चार सेकंद, झुडपात सरपटणाऱ्या शेपटीसारखा. फोटो अर्थातच पानांचा आला.

आता नियम बदलला आहे: 'ऐकला' आणि 'पाहिला' हे दोन वेगळे रकाने, आणि लिंग डोळ्यांनी खात्री झाल्याशिवाय लिहायचं नाही. भारद्वाजापुरता तो रकाना रिकामाच राहणार, त्याला इलाज नाही. पुढच्या आठवड्यापासून भरतीच्या वेळचीही एक सकाळ धरते आहे. चिखल पाण्याखाली गेल्यावर तो चालणारा गडी कुठे जातो, ते बघायचं आहे.