आमची वाटचाल : पॅटर्नच्या ड्रॉइंगपासून पेटंटच्या दाव्यांपर्यंत

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे मामांचं, छोटं ड्रॉइंग ऑफिस होतं. काम फौंड्रीवाल्यांचं : पंपाचं केसिंग, इंजिनाचं हेड, व्हॉल्व्हची बॉडी. बीड म्हणजे ओतीव लोखंड गार होताना आकसतं, म्हणून पॅटर्नच्या, म्हणजे ज्यावरून साचा घेतात त्या नमुन्याच्या, मापात शेकडा एकाच्या आसपास वाढ धरायची, मशीनिंगसाठी आणखी वेगळी. मामांचा सगळा जीव त्या मापांत. मी शिवाजी विद्यापीठातून केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून या घरात आले आणि शाळेत नोकरी मिळेपर्यंत ऑफिसात बसू लागले. ती नोकरी काही मी केली नाही.

पेटंटचं काम आमच्याकडे चालत आलं. जवळच्या इंजिनियरिंग कॉलेजातले एक सर पेटंटच्या अर्जाला जोडायची चित्रं काढून घ्यायला आले. मामांनी मोठं शीट ताणायला घेतलं, तर सरांनी नियमांचा कागद पुढे केला. ए-फोर आकार, वर आणि डावीकडे किमान ४ सेंटीमीटर समास, खाली आणि उजवीकडे ३. इथवर ठीक होतं. पुढची ओळ होती, चित्रावर मापं टाकायची नाहीत. मामा म्हणाले, "मापाशिवाय ड्रॉइंग? मग पॅटर्नवाला काय डोंबल करणार?"

त्यांचा प्रश्न मला पुढे फार उपयोगी पडला. पेटंटमध्ये हक्क मिळतो तो रचनेवर. अमुक भाग तमुक भागाला कसा जोडलाय आणि त्यामुळे जुन्यापेक्षा काय वेगळं घडतं, हे दाव्यांत, म्हणजे अर्जातल्या हक्क सांगणाऱ्या कलमांत, शब्दांनी बांधायचं असतं. तिथे विनाकारण '४० मिलिमीटर' असं लिहून ठेवलं, तर शेजारचा ५० चं बनवून मोकळा होतो. उलट फार मोघम लिहिलं, तर पेटंट ऑफिसचा परीक्षक जुने चार दस्तऐवज काढून समोर ठेवतो. यांच्या मधली जागा शोधणं हा आमचा धंदा.

दुसऱ्यांच्या वतीने अर्ज करायचा तर पेटंट एजंट व्हावं लागतं, आणि त्या परीक्षेला विज्ञान किंवा इंजिनियरिंगची पदवी लागते. मामा डिप्लोमावाले, म्हणून परीक्षेला मी बसले. सुरुवातीला मुंबईचं पेटंट ऑफिस लोअर परळला तोडी इस्टेटमध्ये होतं, नंतर ते अँटॉप हिलला गेलं. रात्रीची महालक्ष्मी पकडायची, काउंटरवर फाइल द्यायची, शिक्का घ्यायचा आणि परत निघायचं. २०१६ पासून एजंटला ऑनलाइनच अर्ज करावा लागतो आणि कोल्हापुरात बसून हे काम करणं सोपं झालं. आता उद्यमनगरात वीज गेली की तेवढीच धाकधूक.

आमच्याकडे येणारे बहुतेक लोक प्राध्यापक किंवा पीएच.डी.चे विद्यार्थी. त्यांना चहा देण्याआधी मी एकच विचारते, पेपर छापलाय का? चेहरा उजळतो, "हो मॅडम, चांगल्या जर्नलमध्ये!" आणि मला पुढचं बोलणं जड जातं. एकदा जगजाहीर झालेली गोष्ट नवी राहत नाही. आपल्या कायद्यात सवलत आहे, पण अरुंद. विद्वत्सभेत वाचलेला किंवा तिच्या इतिवृत्तात आलेला निबंध असेल तर १२ महिन्यांत अर्ज करता येतो. कुठल्याही जर्नलमधल्या पेपरला ती लागू पडेल असं धरून चालता येत नाही. शोधगंगेवर, म्हणजे पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढलेला प्रबंध हाही जाहीरच. खरं तर तात्पुरतं विवरण म्हणजे प्रोव्हिजनल दाखल करून अर्जाची तारीख पदरात पाडता येते, मग पूर्ण विवरणाला १२ महिने मिळतात. पेपर त्यानंतर खुशाल छापा. एवढं सांगायला मी कॉलेजांत फुकट व्याख्यानं दिली आहेत, अजून देते.

मोठमोठ्यांचीही यात धावपळ झाली आहे. स्टॅनफर्डचे स्टॅनली कोहेन आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हर्बर्ट बॉयर यांनी जनुकं जोडण्याच्या पद्धतीवरचा निबंध नोव्हेंबर १९७३ मध्ये छापला. अमेरिकेत छापल्यावर वर्षभराची मुभा आहे, ती संपायला जेमतेम आठवडा उरला असताना स्टॅनफर्डने अर्ज केला. पुढे ४६८ कंपन्यांनी परवाने घेतले आणि सुमारे २५ कोटी ५० लाख डॉलर आले. पण निबंध आधीच बाहेर आल्यामुळे अमेरिकेबाहेरचे हक्क हातचे गेले ते गेलेच. ही गोष्ट सांगितली की वर्गातल्या मागच्या बाकांवरचे मोबाइलही खाली जातात.

दुसरा मोठा वर्ग फार्मसी कॉलेजांचा. सांगली बाजूने कोणी आलं की पिशवीत हळद असणार हे धरूनच चालायचं. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरण्यावर पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, त्याला आव्हान दिलं, संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक भारतीय वैद्यकीय निबंध असे ३२ संदर्भ पुढे केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. त्याचा अभिमान सगळ्यांना असतो. मात्र तीच कसोटी आपल्या चूर्णालाही लागते म्हटलं की सर नाराज होतात. आपल्या कायद्याचं कलम ३ पारंपरिक ज्ञानाला आणि नुसत्या मिश्रणाला पेटंट देत नाही. दोन वनस्पती एकत्र केल्यावर दोघींच्या बेरजेपेक्षा जास्त गुण येतो, हे आकड्यांनी दाखवा, मग बोलू. शिवाय इथल्या वनस्पतींवरच्या कामाला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे सोपस्कार असतात, ते वेगळेच.

गेल्या काही वर्षांत मात्र एक वेगळीच गर्दी वाढली. कॉलेजांच्या क्रमवारीत आणि मूल्यांकनात पेटंटं मोजली जातात. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना फीमध्ये ८० टक्के सवलत मिळाली, ऑनलाइन अर्ज ८ हजारांवरून १,६०० रुपयांवर आला. सवलत चांगली आहे, मी तिच्या बाजूची आहे. पण त्याबरोबर 'मॅडम, मार्चच्या आत पब्लिश करून द्या' असे फोन सुरू झाले. अर्ज १८ महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो, आणि फॉर्म ९ भरून जादा फी दिली की महिन्याभरातच. त्याला कोणी तपासलेलं नसतं. तरीही गेटवर फ्लेक्स लागतो, 'पेटंट प्राप्त केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. एका संस्थेने संशोधकांच्या यादीत चेअरमनसाहेबांचं नाव घालायला सांगितलं. मी विचारलं, दाव्यातला कोणता भाग साहेबांना सुचला? फाइल परत गेली. पैसे घेऊन नावं घालून देणारे मध्यस्थ बाजारात आहेत, त्यांच्याकडे खुशाल जावं. ही कामं नाकारल्यामुळे आमची उलाढाल लहान राहिली. मुलाला ते पटत नाही, घरात अधूनमधून वाद होतात.

ज्या कामाने आम्हाला ओळख दिली ते गुऱ्हाळाचं. एका कॉलेजच्या सरांनी आणि विद्यार्थ्यांनी चुलवाण, म्हणजे काहिलीत उसाचा रस आटवायची भट्टी, बदललं होतं. नेहमीच्या चुलवाणात जाळ काहिलीच्या बुडाला चाटून सरळ धुराड्यात निघून जातो आणि जळण जास्त खातो. यांनी धुराची उष्णता वापरून आत येणारी हवा तापवली आणि जाळीची ठेवण बदलली. पहिला मसुदा त्यांनी स्वतः लिहून आणला होता, त्यात अख्ख्या गुळाच्या प्रक्रियेवरच हक्क मागितला होता! मी म्हटलं, गुळव्या हसेल. हंगामात आम्ही गुऱ्हाळावर गेलो. जाळ घालणाऱ्या माणसाला विचारलं, तुम्हाला काय फरक पडला? तो म्हणाला, चिपाड थोडं ओलं असलं तरी आता धुमसत नाही. सरांच्या अहवालात ही ओळ कुठेच नव्हती. ती का घडते याचा शोध घेतला तेव्हा मुद्दा हवेच्या वळणाच्या मार्गाशी आणि जाळीच्या उताराशी आला. मुख्य दावा आम्ही तिथे बांधला. परीक्षणाचा अहवाल आला तेव्हा तापलेल्या हवेची जुनी उदाहरणं समोर होतीच, पण तो मार्ग आणि तो उतार एकत्र असलेलं त्यात काही नव्हतं. सुनावणीत तेवढ्यावरच बोललो. पेटंट मिळालं.

आणि इथे मामांची जुनी ओळख कामाला आली. शिरोलीचा एक फॅब्रिकेटर आमच्याकडे पॅटर्नची ड्रॉइंगं करून घ्यायचा. त्याला आणि सरांना एका टेबलावर बसवलं. मामांनी स्वतः त्या चुलवाणाचं कामाचं ड्रॉइंग काढून दिलं, सगळ्या मापांसकट, मोठ्या शीटवर. परवाना एकट्याला न देता इतरांनाही देता येईल असा ठेवला, दर चुलवाणामागे ठरावीक रॉयल्टी. पहिला धनादेश कॉलेजात गेला तेव्हा कॅशियर म्हणाले, "पावती कुठल्या हेडखाली फाडू?" संशोधनातून पैसे आत येण्याचं खातंच नव्हतं. अमेरिकेत सरकारी पैशातल्या शोधांची मालकी विद्यापीठांना ठेवू देणारा बे-डोल कायदा १९८० पासून आहे. आपल्याकडे तशा धर्तीचं विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत आलं आणि पुढे मागे घेतलं गेलं. त्यामुळे वाटणी संस्थेच्या धोरणावर, आणि धोरण नसेल तर वादावर. आता मसुदा हातात घेण्याआधीच मी मालकी आणि वाटणीचा कागद सही करून मागते.

पेटंट टिकवायला नूतनीकरणाची फी लागते. शैक्षणिक संस्थांना तिसऱ्या वर्षापासून सहाव्यापर्यंत वर्षाला ८०० रुपये, मग वाढत वाढत शेवटच्या पाच वर्षांत ८,००० रुपये. रक्कम मोठी नाही, पण प्राचार्य बदलतात, सर निवृत्त होतात, आमच्या ई-मेलला उत्तर येत नाही आणि धडपडून मिळवलेलं पेटंट ८०० रुपयांसाठी बंद पडतं. गुऱ्हाळाच्या पेटंटची फी मात्र कधी थकत नाही. ती कॉलेज भरत नाही, परवानाधारक भरतात आणि रॉयल्टीतून वळती करून घेतात. करारात तशी अट घातली होती, आता ती आमच्या प्रत्येक करारात असते.