फी माफ आहे, फक्त एक चेक देऊन ठेवा

२८ जून २०२४. अजित पवार अतिरिक्त अर्थसंकल्प वाचत होते आणि बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची पूर्ण फी माफ. धाकटीचा सीईटीचा निकाल नुकताच लागला होता. त्याच भाषणात माझ्याही कामाचं निघालं: वर्षाला दहा लाख तरुणांना कामाचं प्रशिक्षण, महिना दहा हजारांपर्यंत विद्यावेतन. बी.कॉम. होऊन दीड वर्ष मी घरी बसलो होतो. आई म्हणाली, "दोघांचंही एकाच दिवशी निघालं की रे!"

निघालं, पण हाताशी यायला काय काय लागतं ते पुढच्या वर्षभरात कळलं.

पहिली अडचण सेतू केंद्राची. त्याच भाषणात लाडकी बहीणही जाहीर झाली होती आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात अख्खा तालुका उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत होता. आम्ही ओबीसी. म्हणजे उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र. व्हॅलिडिटी अकरावीतच काढून ठेवली होती, हे आमचं नशीब. ती नसती तर प्रवेशाच्या फेरीतच अडकलो असतो. ज्यांच्या घरी पुढच्या वर्षी बारावी आहे त्यांनी आधी तिच्या मागे लागा, बाकी सगळं धावपळीत होतं.

ऑगस्टमध्ये धाकटीला कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, पुण्यातलं एक खासगी इंजिनिअरिंग कॉलेज मिळालं. (कॅपमधूनच हवं. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही.) तोवर शासन निर्णयही निघाला होता. ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (मराठा) मुलींना आधी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पन्नास टक्के सवलत होती, ती शंभर टक्के झाली. मंत्रिमंडळाने त्यासाठी ९०६ कोटींचा जादा भार मंजूर केला होता. बाबांनी त्या बातमीचं कात्रण फाइलमध्ये लावून घेतलं.

कॉलेजच्या खिडकीत क्लार्क म्हणाले, "फी माफच आहे हो. पण शासनाचे पैसे येईपर्यंत एक चेक देऊन ठेवा. तारीख टाकू नका."

"मग माफ काय झालं?" बाबांनी विचारलं.

"पैसे आले की चेक परत, काका."

चेक एक लाख दहा हजारांचा. शिवाय विकास शुल्क रोख भरा, ते माफीत बसत नाही. हॉस्टेल, मेस, बस यांचा तर प्रश्नच नाही. पहिल्या वर्षी आमचे खिशातून नव्वद हजार गेले, तेही फी शून्य असताना.

तेव्हा मी चिडलो होतो. आता वाटतं, त्या क्लार्कचंही पूर्ण चुकत नव्हतं. प्राध्यापकांचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो, आणि शासनाची रक्कम अर्ज, कॉलेजची छाननी, मग विभागाची मंजुरी असं करत हप्त्याहप्त्याने येते. अर्थसंकल्पात खर्चाचा आकडा असतो, तारीख नसते. मधले महिने कुणीतरी बिनव्याजी उधार देतं. आधी कॉलेज, आणि कॉलेजने हात झटकले की माझा बाप.

महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज मीच भरला. तो एकदा परत आला, कारण मार्कशीटचा स्कॅन धूसर होता. दुसऱ्यांदा मंजूर झाला, तरी पैसे दिसेनात. शोधलं तेव्हा कळलं की तिचं आधार भलत्याच खात्याला जोडलेलं होतं. सिमकार्ड घेताना दुकानदाराने उघडून दिलेलं पेमेंट बँकेचं खातं, जे आमच्या गावीही नव्हतं! बँकेत जाऊन आधार सीडिंग बदलून घेतलं, पंधरा दिवस थांबलो. अर्ज भरण्याआधी आधार कुठल्या खात्याला मॅप आहे ते तपासा. पासबुकाची झेरॉक्स जोडली म्हणजे त्याच खात्यात पैसे येतील असं नाही.

माझं प्रकरण त्यामानाने साधं. 'महास्वयं' या सरकारी रोजगार पोर्टलवर नोंदणी, तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात सहा महिने, पदवीधर म्हणून महिना दहा हजार. काम म्हणजे जुन्या रजिस्टरमधल्या नोंदी संगणकावर चढवणं. हजेरी कार्यालयाने पोर्टलवर वेळेत टाकली नाही, म्हणून पहिलं विद्यावेतन अडीच महिन्यांनी आलं. सहा महिने भरले आणि मी पुन्हा घरी. मुदत आणखी पाच महिने वाढली तेव्हा परत गेलो, तीच खुर्ची, तीच रजिस्टरं.

एका रात्री मी हिशोब मांडला. माझ्या अकरा महिन्यांवर सरकारचे एक लाख दहा हजार गेले. धाकटीच्या एका वर्षाच्या फीवरही नेमके तेवढेच. ती चार वर्षांनी इंजिनिअर होईल. मला टायपिंगचा वेग आला. माझ्यासारख्यांना पैसे देऊ नयेत असं नाही, ते दहा हजार घरात लागत होते. पण कार्यालयाला फुकटात माणूस मिळाला, याला प्रशिक्षण म्हणायला जीभ रेटत नाही.

बाबांनी तो कागद वाचला आणि आपली पगाराची स्लिप शेजारी ठेवली. व्यवसाय कर दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. हा कर १९७५ साली राज्याने रोजगार हमीसाठी लावला, हे त्यांना कामगार संघटनेत असताना कळलेलं. "तुमच्या दोघांत माझेही आहेत," एवढंच बोलले.

आता दुसऱ्या वर्षाचं रिन्यूअल आलंय. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपला, म्हणजे पुन्हा सेतू. पहिल्या वर्षाचा एक हप्ता जमा झालाय. दुसऱ्या हप्त्याचं विचारलं की कॉलेज विभागाकडे बोट दाखवतं. चेक अजून त्यांच्याच कपाटात आहे, आणि त्या खात्यात बाबा कधी पाच हजारांच्या वर ठेवत नाहीत.