काकीच्या साडीचा खरा निळा

२४ जून, अंजर्ले

सकाळपासून झड लागून राहिलीय. पन्हळीखाली ठेवलेली घागर कधीची भरून वाहतेय आणि भर दुपारी माजघरात दिवा लावून बसलोय. गोधड्यांना कुबट वास यायला लागला म्हणून काकीने ट्रंक उपसली, तर तळातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. काकांचे फोटो. निसर्ग वादळात कौलं उडाली तेव्हा भिंतीवरचं होतं नव्हतं ते उतरवून यात भरलं होतं, त्यानंतर आजच उघडला.

काका बोटीवर होते, मालवाहू जहाजाच्या इंजिन खात्यात. १९८६ च्या गणपतीला आले तेव्हा कुठल्याशा बंदरातून पोलरॉइड घेऊन आले. आम्ही पोरं त्याला ‘जीभ काढणारा कॅमेरा’ म्हणायचो. बटण दाबलं की पुढच्या फटीतून पांढरा चौकोन घरघर करत बाहेर यायचा आणि आम्ही त्याच्याभोवती डोकी खुपसून उभे राहायचो. आधी नुसता राखाडी-हिरवट गढूळपणा. मग कुणाचा तरी दात दिसायचा, मग आजीचं कुंकू, मग मागचं दार. एका पाकिटात दहा फोटो. पाकिटातच सहा व्होल्टची चपटी बॅटरी असे. फोटो संपले की चुलतभाऊ ती सोलून काढायचा आणि टॉर्चचा बल्ब लावून बघायचा. काकांनी आणलेली पाकिटं माजघरातल्या कोनाड्यात, माठाच्या मागे, गारव्याला ठेवलेली असत. ती संपली की पुढल्या रजेपर्यंत कॅमेरा फडताळात.

डब्यातला एक फोटो मी कितीतरी वेळ हातात धरून बसले. काकी तुळशीपाशी उभी आहे, अंगावर निळं सुती लुगडं, तेव्हा तिचं वय जेमतेम तिशीचं. हा फोटो कित्येक वर्षं माजघरातल्या आरशाच्या चौकटीत खोचलेला होता. उजेड लागून लागून सगळा पिवळसर, विटका झालाय. पण उजवीकडे दोन बोटं रुंदीची एक पट्टी आहे, जी चौकटीच्या लाकडाखाली दबलेली होती. तिथे तुळशीचा हिरवा अजून हिरवा आहे आणि काकीचा पदर गडद निळा. एकाच पदराचे दोन रंग, मध्ये पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ.

काकीला दाखवलं. तिने चष्मा पुसला, बघितलं आणि काही न बोलता शेजारच्या ढिगातली एक गोधडी ओढली. त्याच लुगड्याचा तुकडा त्या गोधडीत होता, धुऊन धुऊन पांढुरका झालेला. तिने कडेची शिवण नखाने उलटली. दुमडीच्या आत दोऱ्याएवढा निळा शिल्लक होता, मोरपंखाकडे झुकणारा, अगदी झगझगीत.

‘‘हा खरा,’’ ती म्हणाली. ‘‘फोटोत एवढा कधीच आला नव्हता हो. तेव्हासुद्धा नाही.’’

म्हणजे निळे तीन झाले. कापडाचा निळा, कॅमेऱ्याने काढलेला निळा, आणि या घरातल्या उजेडाने केलेला निळा.

२५ जून

काल जे लिहिलं ते मनातून जाईना, कारण माझं सध्याचं काम नेमकं तिथेच अडलंय.

विहिरीकडच्या पोफळींची ओळ काकीने लग्नानंतरच्या पहिल्या पावसात सासूबरोबर लावली होती. ३ जून २०२० ला निसर्गने ती झोपवली. इथून केळशीपर्यंत कुणाचीच वाडी धड राहिली नाही, आमचीही नाही. त्या ओळीचा एकच बरा फोटो आहे, तोही माझ्या फोनमध्ये, २०१९ च्या मे महिन्यातला. काकीला तो कागदावर हवाय, आणि हवाय तो काकांच्या फोटोंसारखा, म्हणजे त्याच डब्यात त्यांच्यासोबत ठेवता येईल. आज पोलरॉइडची फिल्म मिळते. कंपनीने २००८ मध्ये उत्पादन थांबवायचं जाहीर केल्यावर काही माणसांनी नेदरलँड्समधल्या एन्शेडे इथला शेवटचा कारखाना वाचवला आणि २०१० पासून फिल्म पुन्हा बाजारात आली, हल्ली पाकिटात आठ फोटो असतात. पण नव्या कॅमेऱ्यासमोर उभं करायला त्या पोफळी कुठे आहेत? फोनमधून छापणारे छोटे इन्स्टॅक्स प्रिंटरही आहेत, पण त्यातल्या मिनीचं चित्र ६२ बाय ४६ मिलिमीटरचं, काकांच्या चौकोनापुढे चिमुकलं. तेव्हा लॅपटॉपवर स्वतः करायचं ठरवलं.

मागच्या आठवड्यात सोपी वाट धरली होती. फोनवर एक फिल्टर लावला. क्षणात कोपरे दुमडलेले, मधोमध ओरखडे, चहा सांडल्यासारखे डाग, एका कडेला नारिंगी उजेड फुटलेला. मला तो आवडलाही होता. काकी म्हणाली, ‘‘एवढा कशाने खराब झाला गो? भिजला होता का?’’

तेव्हा मला नुसतं वाईट वाटलं होतं. आज कळतंय की तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. तो फोटो कधी भिजला नव्हता, आरशात खोचला गेला नव्हता, कुणी त्याला उशाखाली ठेवून झोपलं नव्हतं. काकांचे फोटो पिवळे आहेत, कारण ते चाळीस पावसाळे या घरात राहिलेत. ते पिवळेपण त्यांचं आहे. माझ्या फोटोला ते उसनं आणून लावायचा मला हक्क नाही. मी करायचं ते एवढंच, की त्या दिवशी, त्या मे महिन्यात, काकांनी त्या पोफळींसमोर आपला कॅमेरा धरला असता तर फटीतून काय बाहेर आलं असतं, ते करायचं. त्या पट्टीतला निळा. पुढचं घर करील.

मग आज सकाळी बसून नीट शोधलं की फिल्म स्वतः काय करत होती.

एडविन लँड यांनी झटपट फोटोची ही कल्पना पहिल्यांदा २१ फेब्रुवारी १९४७ ला न्यूयॉर्कमध्ये लोकांसमोर मांडली. सुट्टीत त्यांच्या लहान मुलीने ‘फोटो आत्ताच का नाही बघता येत’ असं विचारलं आणि तिथून हे सुरू झालं, असं ते सांगत. पण तेव्हा थर सोलून वेगळे करावे लागत. आमच्या घरी आलेल्या फोटोंची जात १९७२ च्या एसएक्स-७० या कॅमेऱ्यापासूनची, ज्यात सगळं एकाच बंद पाकळीत घडतं. खालची पांढरी कड रुंद का असते हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. मला वाटायचं ती तारीख लिहायला ठेवलीय. खरं तर त्या कडेच्या पोटात रसायनाची इवलीशी पुडी असते. फोटो बाहेर येताना दोन पोलादी रुळांमधून पिळला जातो, पुडी फुटते आणि तो लगदा थरांच्या मध्ये सारखा पसरतो. आम्हाला दिसायचा तो गढूळपणा म्हणजे चित्र तयार होत असताना वरून उजेड आत जाऊ नये म्हणून घातलेला रंग, जो नंतर आपोआप पारदर्शक होतो. आणि त्याच लगद्यातलं पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड चित्रामागची पांढरी भिंत बनून राहतं.

एवढं समजल्यावर त्या पट्टीचा भाग भिंगातून पुन्हा बघितला. काळा कुठेच काळा नाही. तुळशीवृंदावनाखालची सावली तपकिरी-हिरवट आहे, जांभ्या दगडावरून हात फिरवल्यावर बोटाला लागते तशी. पांढराही पांढरा नाही, ताकासारखा आहे. कडा मऊ. आणि मे महिन्यात काढलेल्या फोटोंत एक उबदार झाक आहे, जी गणपतीतल्या फोटोंत नाही. आजच्या पोलरॉइड फिल्मसाठी १३ ते २८ अंश तापमान बरं असं सांगतात. उष्म्यात रंग पिवळ्या-तांबड्याकडे जातात, थंडीत निळ्याकडे. आमच्या मे महिन्यात २८ अंश पहाटे असले तरी खूप.

मग गिम्प हा फोटोवर काम करायचा प्रोग्राम उघडला. त्यातल्या कर्व्हमध्ये, म्हणजे फोटोचा उजेड-अंधार वर-खाली करायच्या रेषेत, सगळ्यात डावीकडचा बिंदू, म्हणजे निव्वळ काळा, शून्यावरून २८ पर्यंत वर उचलला. उजवीकडचा पांढरा २५५ वरून २४० वर आणला. लगेच फोनचा कोरडा कडकपणा गेला. पुढे निळ्या चॅनलचा, म्हणजे फोटोतल्या नुसत्या निळ्या रंगाच्या रेषेचा, वरचा शेंडा २२० पर्यंत खाली ओढला, तसा उजेड ताकाकडे झुकला. हिरव्या चॅनलमध्ये सावलीचा बिंदू किंचित वर, फार तर पाच-सहा आकडे. यात लोभ करून चालत नाही, जरा हात सैल सोडला की सगळ्या वाडीवर शेवाळ आल्यासारखं होतं. रंगांचा एकंदर जोर थोडा कमी केला. शेवटी अगदी हलका ब्लर, कारण फोनने पोफळीचं एकेक पान सुरीने कापल्यासारखं काढलं होतं आणि काकांच्या कॅमेऱ्याला ती पानं तशी कधीच दिसली नसती. दाणेदारपणा घातला नाही. भिंगाखाली मूळ फोटोत तो मला जवळजवळ दिसलाच नाही.

दुपारभर एकाच गोष्टीशी झुंजले, पोफळीच्या खोडांच्या रंगाशी. पावसाआधी खोडावर पांढुरके पट्टे दिसतात ना, ते फोनने निळसर राखाडी काढले होते. शेवटी तुळशीच्या फोटोतला चुना लावलेला कठडा समोर ठेवला आणि त्याच्याशी जुळेपर्यंत ओढत राहिले. साडेचारला वीज गेली. काम सेव्ह होतं.

२८ जून

मधले दोन दिवस आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, राहिलेली कामं. आज उघडीप होती म्हणून एसटीने दापोलीला.

माप आधीच घेतलं होतं. काकांचा फोटो बाहेरून ८८ बाय १०७ मिलिमीटर, आतलं चित्र ७९. तीनशे डीपीआयला, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके धरून, चित्र ९३३ पिक्सेलचा चौकोन आणि भोवतीचं पांढरं कार्ड १०३९ बाय १२६४. पांढरं म्हणजे ताकाचंच. ए-फोर कागदावर आडवे तीन-तीन करून सहा बसतील असं वाटलं होतं, पण दोन ओळींना २१४ मिलिमीटर लागतात आणि कागद २१० चा. चार मिलिमीटरसाठी सहाऐवजी चारच बसले.

दुकानातून पहिली प्रत हातात आली आणि माझा जीव खाली बसला. सावल्या काळ्याकुट्ट, पानं प्लास्टिकसारखी हिरवी, वर कागद चकचकीत. दिवसभर बसून जे हळूहळू उचललं होतं ते मशीनने पुन्हा जागच्या जागी दाबून बसवलं होतं. यंत्रावर रंग आपोआप सुधारायची सोय चालू होती, आणि त्याच्या लेखी माझा फोटो बिघडलेला होता. तिथल्या मुलाला म्हटलं, हे असंच हवंय. त्याला पटेना. पिशवीतून काकीचा तुळशीपाशी उभा असलेला फोटो काढून त्याच्यापुढे ठेवला आणि लाकडाखालची पट्टी दाखवली. त्याने तो कडांना धरून उचलला, उलटून मागची काळी बाजू बघितली, परत उलटला. मग काही न बोलता सुधारणा बंद केली आणि मॅट कागद घातला. दुसऱ्या प्रतीत खोडांवरचा चुना आला. पुन्हा छापायचं झालं तर आधी ती सोय बंद आहे का ते विचारायचं, हे इथे माझ्यासाठी लिहून ठेवते.

परत येताना खाडीवर ऊन पडलं होतं. पाकीट छत्रीत गुंडाळून मांडीवर धरलं.

२९ जून

सकाळी चहा झाल्यावर फोटो काकीच्या हातात दिला. तिने आधी नुसता हातावर तोलला. जुन्यांपेक्षा हा हलका आहे, ते मला बदलता येण्यासारखं नाही. मग दारात, उजेडात जाऊन बसली.

बराच वेळ काही बोलली नाही. एक बोट कागदापासून जरा वर धरून डावीकडून उजवीकडे नेत होती, ओठ हलत होते. पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं जप चाललाय.

‘‘अकरा,’’ ती म्हणाली. ‘‘बारा होत्या.’’

मी लॅपटॉप आणला, मूळ फोटो उघडला. फोनचा फोटो आडवा असतो, ४०३२ बाय ३०२४. चौकोन करायचा तर त्याचा पाव भाग सोडावाच लागतो. मी मधला भाग घेतला होता, दोन्हीकडची कड सारखी कापून, दिसायला बरं दिसतं म्हणून. डाव्या कडेला, कापलेल्या भागात, पाटाच्या अगदी काठावर बारावी पोफळ उभी होती. जरा वाकलेली.

‘‘ही माझ्या हातची,’’ काकी म्हणाली. ‘‘बाकीच्या अकरा सासूबाईंनी लावल्या, मी नुसती आळी केली. ही एकटी माझी. म्हणून वाकडी.’’

चौकोन डावीकडे सरकवून दाखवला. पोफळ आत आली, पण उजवीकडून विहिरीचा कठडा गेला, त्यावर ठेवलेली पितळी कळशीसुद्धा. त्या कळशीवरचा उजेड मला फार आवडला होता, त्या फोटोत नजर पहिली तिथेच जायची. मी थांबले.

काकीने वाकून पडद्याकडे बघितलं.

‘‘विहीर जाऊ दे गो,’’ ती म्हणाली. ‘‘ती आहे अजून.’’