उन्हाळा आणि तंबोऱ्याच्या खुंट्या

सोलापूरचा उन्हाळा गाणाऱ्याआधी तंबोऱ्याला लागतो. आज समोर आलेल्या दोन्ही तंबोऱ्यांची तक्रार एकच: खुंटी पिळून हात काढला की सर्रकन मागे! खुंटी खराब नाही हो, कोरड्या हवेत लाकूड आकसलंय. तार सैल करून खुंटी काढा. खुंटीवर भोकात घासून गुळगुळीत झालेला, चकाकणारा पट्टा दिसेल; तिथे फळ्यावरचा साधा खडू चोळा आणि फिरवताना खुंटी आत दाबत फिरवा. तेल चुकूनही नको. खुंटीवर तारेचे वेढे तीन-चार, शेजारीशेजारी. एकावर एक चढले की सूर रोज उतरणार.

एकाचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची पितळी तार, तुटला होता, तोही खुंटीशी नाही, खाली लंगोटापाशी (भोपळ्याच्या तळाशी तारा अडकवतात तिथे), तार अडकवायच्या फाशाच्या पिळात. पितळ मऊ, करकचून पीळ दिला की तिथेच जातं. त्याजागी पोलादी तार लावून भागवणाऱ्यांना काय म्हणावं! खर्जाचा भरदारपणाच गेला की.

सुरातला बारीक फरक तारेत ओवलेल्या मण्यानं काढा: लंगोटाकडे सरकवला की सूर चढतो. जवारीचा, म्हणजे तारेला गुंजन देणारा तारेखालचा दोरा मात्र सगळ्यात शेवटी, घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) केसभर पुढेमागे करत. तार भणभणली तर दोरा चुकलाय, गुंजली तर तिथेच थांबा.