नऊ, अकरा, तेरा, पंधरा

आमच्या शेजारणीनं फेब्रुवारीत ऐंशीव्या वाढदिवसाला बोलावलं होतं. इथे नेदरलँड्समध्ये वाढदिवस कसा असतो ते मागे एकदा लिहिलंय: गोल मांडलेल्या खुर्च्या, आत शिरल्यावर वाढदिवस ज्याचा त्याचंच नव्हे तर खोलीतल्या प्रत्येकाचं अभिनंदन, एक कप कॉफी आणि केकचा एक तुकडा. दुसरा तुकडा मागायची हिंमत अकरा वर्षांत मला झालेली नाही. यंदा त्या गोलामागच्या भिंतीवर एक भलामोठा कागद लावलेला होता. चौकोनच चौकोन, आणि प्रत्येकात नाव, गाव, तारखा.

त्याला इथे क्वार्टीरस्टाट म्हणतात. आपल्या वंशवृक्षाच्या अगदी उलटा प्रकार. आपल्याकडे एक मूळ पुरुष धरायचा आणि त्याच्या मुलांच्या, नातवांच्या फांद्या काढत खाली यायचं. इथे खाली आपण स्वतः आणि वर जायचं, तेही दोन्ही बाजूंनी. आपण १, वडील २, आई ३, आजी-आजोबा ४ ते ७, पणजोबा-पणज्या ८ ते १५. कुणाच्याही आकड्याची दुप्पट केली की त्याचे वडील, त्यात एक मिळवला की आई. म्हणजे पहिला चौकोन सोडला तर पुरुष सगळे सम आणि बायका सगळ्या विषम. शेजारणीचा तक्ता ६३ पर्यंत भरलेला होता. एक चौकोन रिकामा नाही. एका चौकोनापाशी थांबून तिनं सगळ्यांना हसत सांगितलं, की या बाईला लग्नाआधी मूल झालं होतं आणि पाद्रीबुवांनी ते चर्चच्या वहीत लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय. गोलातले सगळे हसले. मी आमच्या गावातल्या कुठल्याही बारशाला हे वाक्य उच्चारलं गेलंय अशी कल्पना करून बघितली आणि कॉफी संपवली.

मग तिनं विचारलं, "तुझा?"

आता मी गडहिंग्लज तालुक्यातली. मला ऊत आला. म्हटलं, आमच्याकडे हे छंद म्हणून नसतं, आमच्याकडे त्याची माणसं असतात. हेळवी! (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: कोल्हापूर, सांगली आणि पलीकडे बेळगाव भागात हेळवी घराण्यांच्या वंशावळी सांभाळतात. पूर्वी बैलावर बसून यायचे. दोन-चार वर्षांनी दारात येतात, वही उघडून पिढ्या वाचतात, नव्या पोरांची नावं लिहून घेतात आणि धान्य, कपडा, पैसे घेऊन पुढच्या गावाला जातात.) शिवाय त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींकडच्या नामावळ्या, त्यात पणजोबांची मोडीतली सही. मी इतकी रंगात आले की गोलातल्या दोघांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. शेजारणीनं सगळं ऐकून घेतलं आणि एक कोरा तक्ता माझ्या हातात दिला. पंधराच चौकोन. म्हणाली, मग तुला सोपं आहे.

रात्री स्वयंपाकघरात बसून भरायला घेतला. १ ते ७ चटकन झाले. ८ आणि १० माहीत होते, १२ आणि १४ मामाला फोन लावून पाच मिनिटांत मिळाले. नऊ, अकरा, तेरा, पंधरा: चारही पणज्या, चारही चौकोन कोरे. माझ्या अंगात ज्यांचा प्रत्येकी आठवा हिस्सा आहे त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. आणि हेळव्याच्या वहीत अकरा पिढ्या आहेत म्हणून मी दोन तासांपूर्वी मिरवून आले होते. त्या वहीत अकरा पिढ्यांचे पुरुष आहेत, हे वाक्य मी डचमध्ये गाळलं होतं.

शेजारणीला हे जमलं ते ती हुशार म्हणून नाही, हे मी मुद्दाम सांगते. तिचं काम नेपोलियननं करून ठेवलंय. १८११ साली त्यानं इथे सरकारी जन्म-मृत्यू-लग्नाची नोंद सक्तीची केली आणि ज्यांना आडनाव नव्हतं त्यांना ते घ्यायला लावलं. (फ्रेंचांची चेष्टा म्हणून लोकांनी मुद्दाम 'नाक्टखेबोरन', म्हणजे 'नागवा जन्मलेला', असली आडनावं घेतली ही गोष्ट इथे प्रत्येक जण सांगतो. अभ्यासक म्हणतात ती दंतकथा आहे, ते नाव बहुधा बाप वारल्यानंतर जन्मलेल्या मुलाचं.) त्याच्या आधीच्या चर्चच्या वह्या, बाप्तिस्मा, लग्न, दफन, बहुतेक सगळ्या स्कॅन होऊन घरबसल्या बघता येतात. पण खरी मेख वेगळीच आहे. इथे सरकारी कागदावर बाई लग्नानंतरही जन्मनावानंच राहते. शेजारी तिला नवऱ्याच्या आडनावानं हाक मारतील, पण लग्नाच्या नोंदीत, मुलांच्या नोंदीत, मृत्यूच्या नोंदीत नाव तेच, बापाच्या घरचं. त्यामुळे एका बाईचा धागा हाताला लागला की तिची आई सापडते, तिची आई सापडली की तिची.

याचा मला स्वतःला किती वैताग आला होता ते जुन्या वाचकांना आठवत असेल. आम्ही आलो तेव्हा नगरपालिकेनं माझा जन्मदाखला समोर ठेवला आणि माहेरचंच नाव नोंदवलं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं नाव, ज्याची सवय व्हायला मला तीन वर्षं लागली, ते इथे कुणाला नकोच होतं. सासूबाई इथे आल्या तेव्हा टपालाच्या पेटीतलं पत्र हातात घेऊन म्हणाल्या, "ही कोण?" मी तेव्हा नवऱ्याला म्हणाले होते की या लोकांना कुटुंब म्हणजे काय कळत नाही. अजूनही थोडंसं तसं वाटतं. ज्यांच्या घरी पोरं आईला भेटायला वेळ ठरवून येतात, त्यांनी ६३ चौकोन भरले तर काय मोठं, असंही एकदा मनात येऊन गेलं. आम्हाला नावं माहीत नसतील, पण पणजी आमच्याच माजघरात वारली, आश्रमात नाही. हे कोऱ्या चौकोनाचं उत्तर नाही, कळतंय मला.

ऑफिसातला एक सहकारी सुरिनामी हिंदुस्तानी आहे, राहतो हेगमध्ये. त्याचे पूर्वज उत्तर प्रदेशातून कलकत्त्याच्या बंदरातून सुरिनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, उसाच्या मळ्यांवर गेले. १८७३ ते १९१६ या काळात असे ३४ हजारांवर लोक नेले गेले. तोही आजोबाला 'आजा' म्हणतो, आम्हा दोघांची हीच काय ती समान भाषा. त्याला आपल्या पूर्वजाचं गाव, ठाणं, जिल्हा, जात, उंची आणि अंगावरची खूणसुद्धा माहीत आहे, कारण जहाजात चढवताना गिरमिटियांची (करारावर नेलेल्या मजुरांची) ती सगळी नोंद झाली आणि ती याद्यांतून आता बसल्या जागी शोधता येते. "तुम्ही तर तिथलेच, तुम्हाला सगळंच माहीत असेल," असं तो म्हणाला. माल मोजावा तशी माणसं मोजली म्हणून नोंद उरली, आमची कुणी मोजलीच नाहीत, असं काहीतरी मी बोलले. नंतर आठवलं, २०२३ पासून अख्खा महाराष्ट्र कुणबी नोंदींसाठी मोडी कागद धुंडाळतोय. मोजलेलं आहे की. फक्त त्या शोधात कुणी पणजीसाठी निघालेलं नाही.

मग लावले फोन. आत्या म्हणाली, नऊ नंबरची म्हणजे आमची आजी, तिला घरात सगळे 'संकेश्वरची' म्हणायचे. नाव? "अगं, नाव कोण घेतंय तिचं!" संकेश्वर आमच्यापासून अगदी जवळ, पण आमचं गाव तेव्हा कोल्हापूर संस्थानात आणि संकेश्वर इंग्रजांच्या बेळगाव जिल्ह्यात. १९५६ पासून तर ते दुसऱ्या राज्यात. पंधरा नंबरला आईनं लहानपणी बघितलेलं, ती तिच्या आजीच्या बटव्याबद्दल वीस मिनिटं बोलली, त्यातल्या अडकित्त्यासकट. सासरचं नाव सांगितलं. माहेरचं विचारल्यावर फोनवर शांतता. तेरा नंबरचं सासरचं नावही नाही मिळालं. अकरासाठी चुलतभावानं खटपट करून गाव नमुना चौदाच्या (गावच्या जन्म-मृत्यू नोंदीच्या) जुन्या पानाचा फोटो पाठवला, माझ्या आजीच्या जन्माचा. बापाचं नाव आहे, जात आहे, तारीख आहे. आईचं नाव नाही. आणि जिचा जन्म झाला तिच्या नावाच्या जागी 'मुलगी'.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या कागदांवर आता आईचं नाव लागतं, हे मी शेजारणीला जरा जोरातच सांगितलं. तिनं मान डोलावली.

जे मिळालं ते मी एका मोफत साइटवर चढवलं. उत्साह इतका की वर जाऊन थांबले नाही, खालच्या फांद्याही जोडल्या: काका, आत्या, चुलत बहिणी, त्यांची मुलं, सगळ्यांची लग्नानंतरची गावं. पहिल्यांदाच आमच्या झाडावर मुलगे जितके तितक्याच मुली दिसत होत्या. लिंक 'भावकी' ग्रुपवर टाकली. तीन अंगठे, एक नमस्कार, आणि अर्ध्या तासानं धाकट्या काकांचा फोन. "पोरी, ते झाड का काय ते टाकलंयस न्हवं, ते आदी काढ तिथनं."

मला आधी कळेनाच. मग कळलं. वाटणीचा दावा कोर्टात आहे आणि एका आत्यानं अजून हक्कसोडपत्रावर सही केलेली नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा वाटा मुलाइतकाच. मी ज्याला झाड म्हणत होते तो त्यांच्या दृष्टीनं वारसांचा तक्ता होता, तारखा आणि पत्त्यांसह, कुणाच्याही वकिलाला फुकटात. काका वाईट माणूस नाही. माझ्या बारावीची फी त्यांनी भरली होती.

आणि इथे मला गप्प बसायला हवं, कारण २०१९ च्या दिवाळीत गावी गेले असताना दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मीही सही करून आले. चार पानं होती, वाचली नाहीत. भावानं साडी घेतली, दुपारी पुरणपोळी झाली. मला कुठे शेती करायचीय? भाऊ तिथे राबतो, आई-बाबांचं दवाखान्याचं बघतो, मी सात हजार किलोमीटरवरून फोन करते. त्यात अन्याय वगैरे काही नाही. ही तीन वाक्यं मी स्वतःला बऱ्याचदा म्हणते.

झाड खाजगी केलं. इथल्या कायद्यात जन्माची नोंद १०० वर्षांनी, लग्नाची ७५ आणि मृत्यूची ५० वर्षांनी सर्वांना खुली होते. शेजारणीचा अख्खा छंद त्या कुंपणाच्या पलीकडे चालतो. मी छंद उचलला, कुंपण राहिलं.

पण कुंपण इथेही सगळ्यांना सोयीचंच असतं असं नाही. त्याच वाढदिवसाला केकनंतर शेजारणीच्या बहिणीनं कुणाला तरी विचारलं, "यादी बघितलीस का?" दुसऱ्या महायुद्धात जर्मनांना साथ दिल्याच्या संशयावरून ज्यांची चौकशी झाली, अशा सुमारे सव्वाचार लाख लोकांची नावं २ जानेवारी २०२५ ला ऑनलाइन आली. नुसती नावं, फायली नाहीत. त्यालाही मोठा विरोध झाला. यादीत नाव म्हणजे दोष सिद्ध असंही नाही, कित्येकांवर खटलाच चालला नाही. आमचं हे आइंडहोवन १८ सप्टेंबर १९४४ ला जर्मनांच्या ताब्यातून सुटलं, शेजारीण त्यानंतर पाच महिन्यांनी जन्मली. प्रश्न ऐकून गोलात कुणी काही बोललं नाही. लग्नाआधीच्या बाळावर हसणारी माणसं कपातल्या चमच्याकडे बघत होती. शेजारीण उठली आणि कॉफी आणायला गेली. अकरा वर्षांत या देशात मला इतकं घरच्यासारखं कधी वाटलं नव्हतं. हे लिहिणं बरं नव्हे, पण वाटलं.

परवा तिनं माझा तक्ता परत मागितला, तिच्या संगणकावर नीट टाकून देते म्हणाली. नवाच्या चौकोनात मी पेन्सिलीनं 'संकेश्वरची' लिहिलंय. हे नाव आहे की आडनाव, असं तिनं विचारलं. गाव आहे म्हटल्यावर तिनं ते गावाच्या रकान्यात टाकलं आणि नावाचा रकाना तसाच ठेवला.

सुगीनंतर यंदा हेळवी येणार आहेत असं भाऊ म्हणाला. मी त्याला लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला: पायलीभर ज्वारी आणि पैसे माझ्याकडून दे, आणि विचार, वहीत माझं नाव लिहितील का. आत्यांचंही विचार, पण काकांसमोर नको. त्याचं उत्तर आलं काल रात्री. "विचारतो. लिहितील म्हणतायत हल्ली, पैसे दिले की. पण ताई, कुठलं नाव सांगू? तिकडचं की इकडचं?"

मेसेज वाचलाय, त्याला निळ्या टिका दिसल्या असतील. अजून उत्तर दिलेलं नाही.