अपघात-अहवालात नसलेला रकाना

नवी मुंबईतल्या रबाळे-महापे पट्ट्यातल्या रसायन कारखान्यांत सुरक्षा अधिकारी म्हणून काम करताना अपघाताचे जे अहवाल वाचले आणि लिहिले, त्यांत जखमी कामगाराचे वय, हुद्दा आणि अनुभव, त्याने हेल्मेट व हातमोजे घातले होते की नाही, कामाचे परमिट कोणी दिले होते, हे सगळे विचारलेले असते. तो माणूस त्या क्षणी किती तास जागा होता आणि ती त्याची सलग कितवी रात्रपाळी होती, हे विचारणारा रकाना मात्र क्वचितच दिसतो. मग कारणाच्या जागी 'कामगाराचे दुर्लक्ष' आणि उपायाच्या जागी 'टूलबॉक्स टॉक (कामाआधीची सुरक्षेची छोटी सूचना-बैठक) घेण्यात आला' असे लिहून फाइल बंद होते. थकवा बऱ्याच अंशी मोजता येतो, त्याचा पुरावा गेटवरच्या बायोमेट्रिक यंत्रात आधीच साठलेला असतो आणि तो न उघडता केलेली चौकशी अर्धवट राहते, असे माझे स्पष्ट मत आहे.

हजेरीपट उघडून चौकशी कशी करावी, याचे चांगले उदाहरण आमच्याच क्षेत्रातले आहे. 23 मार्च 2005 रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी येथे बीपी कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात एक युनिट शटडाउननंतर पुन्हा सुरू केले जात होते. त्यातल्या एका उंच टॉवरमध्ये तीन तासांहून अधिक काळ द्रव भरत राहिला आणि खालून काहीच काढले गेले नाही. टॉवर मर्यादेबाहेर भरला असताना पातळी दाखवणारे उपकरण मात्र पातळी उतरत असल्याचे सांगत होते. अखेर ज्वालाग्राही द्रव बाहेर उसळून स्फोट झाला. 15 जण मृत्युमुखी पडले आणि 180 जण जखमी झाले. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने उपकरणांतील बिघाड, जादा द्रव-वायू सोडायच्या टाकीची (ब्लोडाउन ड्रम) जुनाट रचना, खर्चकपात आणि युनिटला खेटून उभे केलेले ट्रेलर (चाकांवरची तात्पुरती कार्यालये) यांची सविस्तर चौकशी केलीच, शिवाय ऑपरेटरांच्या ड्युट्याही मोजल्या. काही ऑपरेटर 12 तासांच्या पाळ्या सलग 29 किंवा त्याहून अधिक दिवस करत होते. नियंत्रण पॅनेलवरच्या ऑपरेटरला रोज दीड तास झोप कमी पडत होती असे धरले, तर त्याच्यावर 43.5 तासांच्या झोपेची थकबाकी साठली होती, असा हिशेब बोर्डाने मांडला. रात्रपाळीने दिवसपाळीला चार्ज देताना लॉगबुकात त्या युनिटबद्दल जेमतेम एक ओळ लिहिली होती, हेही त्याच अहवालात आहे. लक्षात घ्यावे की हा स्फोट दुपारी एकच्या सुमारास, लख्ख उजेडात झाला. थकवा हा केवळ रात्रपाळीचा प्रश्न आहे असे मानून दिवसपाळीबाबत निर्धास्त राहणाऱ्यांनी हा तपशील विसरू नये. बोर्डाच्या शिफारशीवरून अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने 2010मध्ये थकव्याच्या जोखमीचे स्वतंत्र मानक काढले.

सुरक्षा सप्ताहातल्या व्याख्यानांत भोपाळ आणि चेर्नोबिलचे अपघात मध्यरात्रीनंतर झाले, म्हणून ते थकव्याचे बळी, असे सरसकट सांगितले जाते. मला ते पटत नाही. भोपाळमध्ये शीतकरण यंत्रणा बंद होती, गळालेला वायू जाळणारा फ्लेअर टॉवर जोडलेला नव्हता आणि मनुष्यबळ कमी केले होते. त्या सगळ्यावर झोपेचे पांघरूण घातले, तर खरे जबाबदार सुटतात. थकव्याचा मुद्दा ठोस आकड्यांवर उभा राहतो, त्याला अशा आधारांची गरज नाही.

ते आकडे असे. सायमन फोकर्ड आणि फिलिप टकर यांनी 2003मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांची एकत्रित मांडणी केली. तीत सकाळपाळीच्या तुलनेत दुपारपाळीत अपघाताचा आणि इजेचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी, तर रात्रपाळीत सुमारे 30 टक्क्यांनी जास्त आढळला. सलग रात्रपाळ्यांमध्ये पहिल्या रात्रीच्या तुलनेत चौथ्या रात्रीचा धोका सुमारे 36 टक्क्यांनी वाढलेला होता. चार-पाच दिवसांत शरीराला रात्रपाळीची सवय होते, ही शिफ्ट इन्चार्जांची लाडकी समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. शरीरातल्या घड्याळाची वेळ मुख्यतः उजेडावर ठरते. त्याची पेशींमधली यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017चे नोबेल मिळाले. रात्रपाळी संपवून सकाळी 7 वाजता गेटबाहेर पडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर कोवळे ऊन पडते आणि ते घड्याळ पुन्हा दिवसाच्याच वेळेला लागते.

पहाटे 3 ते 5 या वेळेत शरीराचे तापमान आणि सावधपणा दोन्ही तळाला असतात. हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही, रात्रपाळीची लॉगशीट पुरते. दर तासाला घ्यायच्या दाब-तापमानाच्या नोंदींत रात्री 12 आणि 1च्या आकड्यांत थोडा चढउतार असतो. 3, 4 आणि 5च्या ओळी मात्र दशांशापर्यंत सारख्या, एकाच पेनाने, एकाच दाबाने, एका बैठकीत भरल्यासारख्या. अशी शीट हाती आली की पहिला विचार मेमो (लेखी समज) देण्याचा येतो. मी ती आधी हजेरीशी ताडून पाहतो, आणि ती बऱ्याचदा डबल मारलेल्या, म्हणजे सलग दोन पाळ्या केलेल्या माणसाची निघते.

या डबलचा हिशेब एकदा कागदावर मांडायला हवा. ड्र्यू डॉसन आणि कॅथरिन रीड या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 1997मध्ये 'नेचर'मध्ये दाखवले की सलग 17 तास जागलेल्या माणसाची हात-डोळ्यांच्या समन्वयाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते, आणि 24 तासांनंतर ती सुमारे 0.10 टक्क्यांच्या पातळीला जाते. आपल्याकडे वाहन चालवण्यासाठीची कायदेशीर मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के आहे. आता सकाळी 7ला उठून 3 ते 11ची सेकंड शिफ्ट केलेला ऑपरेटर रिलीव्हर (पुढच्या पाळीचा माणूस) आला नाही म्हणून तसाच थर्डला, म्हणजे रात्रपाळीला थांबला, तर मध्यरात्री 12 वाजताच त्याचे 17 तास पूर्ण होतात आणि सकाळी 7 वाजता तो ठाणे-बेलापूर रस्त्यावर बाइकला किक मारतो तेव्हा 24. दारू पिऊन आलेल्या माणसाला गेटवरचा वॉचमन आत सोडणार नाही. याला मात्र आम्ही सही करून पॅनेलवर बसवतो, वर दुप्पट दराने पैसेही देतो, आणि परतीच्या वाटेवर काही झाले तर ती नोंद कारखान्याच्या अहवालात सहसा येतच नाही.

दोष एकट्या व्यवस्थापनाचा नाही, हेही सांगितले पाहिजे. डबल का घेतोस, असे दिवा उपनगरातून येणाऱ्या एका ऑपरेटरला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, दिवसा घरी कोण झोपू देतंय? त्यापेक्षा ओटी बरी." (ओटी म्हणजे ओव्हरटाइम.) एका खोलीचे घर, वर पत्रा, दुपारी पाण्याची वेळ, शेजारच्या घरातला कुकर, शाळेतून आलेली मुले. परदेशी पुस्तिका सांगतात की खोलीत काळे पडदे लावा, फोन बंद ठेवा, घरच्यांना वेळ समजावून सांगा. तो सल्ला चुकीचा नाही, पण ज्याच्याकडे झोपायची खोलीच वेगळी नाही त्याला तो देणे म्हणजे जबाबदारी त्याच्या गळ्यात बांधून मोकळे होणे. दिवसाची झोप एरवीही रात्रीच्या झोपेपेक्षा तुटक आणि तोकडी असते, त्यात ही परिस्थिती. म्हणून घरातली झोप सुधारण्याच्या गोष्टींपेक्षा रोस्टर, म्हणजे पाळ्यांचे वेळापत्रक, सुधारणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

रोस्टरबद्दलचे एक महत्त्वाचे संशोधन चार दशकांपूर्वीचे आहे. चार्ल्स झाइस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982मध्ये अमेरिकेतील युटा राज्यातल्या पोटॅश (खतासाठीचा क्षार) काढणाऱ्या कामगारांच्या पाळ्या थर्ड, सेकंड, फर्स्ट अशा उलट्या फिरत होत्या त्या सरळ केल्या आणि बदलाचे अंतरही वाढवले. कामगारांचे समाधान आणि उत्पादन दोन्ही सुधारले. शरीराचे अंतर्गत घड्याळ 24 तासांपेक्षा किंचित लांब असल्यामुळे झोप पुढे ढकलणे सोपे जाते आणि अलीकडे ओढणे अवघड जाते, इतके साधे त्यामागचे कारण आहे. उलट्या फेऱ्यात रात्री 11ला सुटलेला माणूस पुन्हा सकाळी 7ला हजर राहतो. मधल्या 8 तासांतून लोकल, जेवण आणि आंघोळ वजा केली की झोपेला उरते काय? पाळ्यांचा क्रम बदलायला एक रुपया लागत नाही, तरीही अनेक ठिकाणी 'पहिल्यापासून असंच आहे' या एका वाक्यावर उलटे फेरे चालू आहेत.

सप्टेंबर 2025मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा 9 वरून 12 तासांपर्यंत आणि तिमाहीतील ओव्हरटाइमची मर्यादा 115 वरून 144 तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली, त्यामुळे हा विषय आता टाळता येणार नाही. बारा तासांच्या पाळीला माझा सरसकट विरोध नाही. आठवड्याचे 48 तास खरोखर पाळले, तर चारच दिवस कामावर यावे लागते, बदलापूरहून येणाऱ्याच्या फेऱ्या वाचतात आणि अनेक कामगारांना ते आवडतेही. पण फोकर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मांडणीत 8 तासांच्या तुलनेत 12 तासांच्या पाळीत धोका सुमारे 27 टक्क्यांनी जास्त आहे, आणि आपल्याकडे चार दिवसांचा आठवडा ओटी धरून सहा दिवसांचा व्हायला वेळ लागत नाही. टेक्सास सिटीतले सलग 29 दिवस विसरू नयेत.

पहाटेच्या छोट्या डुलकीबद्दल बोलले की बैठकीत हशा पिकतो. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर केलेल्या अभ्यासात सरासरी 26 मिनिटांच्या झोपेने नंतरची सावधता स्पष्टपणे सुधारली होती, आणि उठल्यावरची सुस्ती जाईपर्यंत पॅनेलवर न बसवणे एवढे पथ्य पाळले तर कंट्रोल रूमलाही ते जमण्यासारखे आहे. सध्या मात्र हाच माणूस केबल ट्रेच्या मागे पुठ्ठा टाकून झोपतो आणि सापडला तर मेमो घेतो.

मी ज्या कारखान्यात आहे तिथे अहवालाच्या फॉर्ममध्ये आता तीन रकाने वाढले आहेत: शेवटची झोप किती वाजता संपली, सलग कितवी पाळी आणि मागच्या सात दिवसांचे एकूण तास. एका प्लांटचे रोस्टर सरळ फिरू लागले आहे. डबलचा निर्णय अजूनही रात्री साडेदहाच्या फोनवरच होतो. कंत्राटी कामगारांचे हजेरीचे आकडे ठेकेदाराकडे मागितले आहेत. त्यांतले काही जण दिवसा दुसऱ्या गेटवर सिक्युरिटीची ड्युटी करतात, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि म्हणूनच ते आकडे यायला वेळ लागतो आहे.