जागलीचा खेळ आणि पात्राचा कागद

नागपूरला वसतिगृहात असताना मी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला शिकले. यात प्रत्येकानं गोष्टीतलं एक पात्र घ्यायचं, त्याचे गुण कागदावर आकड्यांत लिहायचे, आणि त्याला काय जमतं, काय नाही, ते फासे टाकून ठरवायचं. तीन वर्षं दर शनिवारी आमची बैठक असायची. गेल्या दिवाळीत गावी आले तेव्हा भावाची दोन पोरं आणि शेजारची दोन, अशा चौघांना हा खेळ शिकवायचं मनात होतं. ड्रॅगन आणि तळघरं त्यांना आवडली असती, यात शंका नाही. पण मला गोष्ट आपल्या वावरातली हवी होती. आमचं गाव घाटंजी तालुक्यात, टिपेश्वर अभयारण्याच्या अंगाला. दिवाळीच्या सुमारास तूर फुलावर असते, हरभरा नुकताच पेरलेला असतो, आणि रात्री रानडुकरं नाहीतर रोही आली की सकाळी हाती काही उरत नाही. म्हणून खेळ ठरला जागलीचा. मचानावर चार माणसं, एक रात्र, चार प्रहर.

गोष्ट जुळायला एक संध्याकाळ पुरली. माझी पंधरा दिवसांची झोप उडवली ती पात्राच्या कागदानं. माणूस कागदावर उतरवायचा म्हणजे नेमकं काय उतरवायचं?

पहिल्या कागदावर मी तेवीस रकाने आखले. ऐकण्याची ताकद, अंधारात दिसणं, वासावरून जनावर ओळखणं, ओझं उचलणं, झोप आवरणं, बॅटरीचे सेल किती, अंगात स्वेटर आहे की नाही. कर्जाचा रकाना तर व्याजासकट होता. मला वाटत होतं, जितकं जास्त मोजू तितका माणूस खरा होईल. पोरं दीड तास कागद भरत बसली. खेळ सुरू व्हायच्या आत सगळ्यात लहानगी झोपून गेली. तेवीसपैकी किती आकडे रात्रीत कामी येतील ते मी नंतर एकटीनं खेळून पाहिलं, तर फक्त पाच. बाकीचे खरे होते, पण त्यांच्यामुळे कुणाला काही ठरवावं लागत नव्हतं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ छापून आला, तेव्हापासून चालत आलेले सहा गुण तसेच घेतले: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण, छाप. सोबत हिट पॉइंट, म्हणजे पात्र किती मार झेलू शकतं त्याचा आकडा. त्यात दहा फूट उंचीवरून पडलं तर सहा बाजूंचा एक फासा टाकायचा आणि येईल तेवढे पॉइंट वजा करायचे. मुरलेल्या लढवय्याकडे चाळीस पॉइंट असले तर पडणं त्याच्या खिजगणतीतही नसतं. हिट पॉइंट म्हणजे निव्वळ शरीराची इजा नाही, त्यात नशीब आणि कसबही धरलेलं आहे, असं गायगॅक्सनं 1979 मध्ये लिहून ठेवलंय, आणि ते मला पटतंही. शूरवीरांच्या गोष्टीला ते शोभतं. पण शेजारचा नववीतला पोरगा, ज्याचं पात्र मचानावरून पडून लगेच डुकरामागं धावलं होतं, तो खेळ थांबवून म्हणाला, “आत्या, मचानावरून पडलेला माणूस असा पळते का? मी चिंचेवरून पडलो होतो तं दीड महिना प्लास्टर होतं.”

त्याचं बरोबर होतं. हिट पॉइंट काढून मी तीन चौकोन दिले: खरचटलं, लंगडतो, उचलून न्यावं लागतं. लंगडणाऱ्याला एका प्रहरात वावराचं एकच टोक गाठता येतं. हाडं किती मोडली ते मोजायची गरजच पडली नाही.

फाशांचा प्रश्न असाच बोलता बोलता उकलला. माझ्याकडे नागपूरहून आणलेला वीस बाजूंचा एक फासा होता. एखाद्या कामात ज्याचा हातखंडा, त्याच्या कागदावर त्या कामाला 14, आणि फाशावर 14 किंवा त्याहून कमी आलं की काम झालं. म्हणजे शंभरातून तीस वेळा काम फसणार. आमचे बाबा, पोरांचे आबाजी, खाटेवर बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, “दहातून तीनदा बैल जुंपताना चुकते, असा सालदार कोण ठेवील?” मी लुडोचे तीन फासे घेतले आणि त्यांची बेरीज धरली. तीन फाशांच्या 216 जोडण्या होतात, आणि त्यातल्या 104, म्हणजे जवळजवळ निम्म्या, 9 ते 12 मध्येच पडतात. 14 वाला आता 216 मधून फक्त 20 वेळा चुकतो. 10 वाल्याचं अर्ध्यात अर्धं. मुरलेला माणूस आणि शिकाऊ माणूस यांच्यातला फरक एकही रकाना न वाढवता दिसू लागला. शिवाय लुडोचे फासे गावातल्या दुकानात मिळतात, हे माझ्या लेखी फार मोठं होतं.

पात्र घडवायची रीत मात्र मी ट्रॅव्हलर या 1977 च्या खेळावरून घेतली. त्यात खेळायच्या आधीच पात्राचं मागचं आयुष्य चार-चार वर्षांच्या टप्प्यांनी फाशांवर जगून काढायचं असतं. दर टप्प्याला काहीतरी शिकायला मिळतं, आणि जुन्या नियमांत पात्र तिथंच मरूही शकतं. मी टप्प्याऐवजी हंगाम घेतले. प्रत्येकानं तीन हंगाम काढायचे, दर हंगामाला एक कसब आणि एक खूण. कर्ज आता फक्त आहे किंवा नाही. असेल तर त्या रात्रीचं नुकसान दुप्पट धरायचं.

त्या हंगामांच्या तक्त्यात मी फवारणीही लिहिली होती. 2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. त्या वर्षाबद्दल गावात आजही हळू आवाजात बोलतात. खेळ आपल्या वावराचा म्हणायचा आणि हे गाळायचं, हे मला जमेना. तीन फाशांवर 5 किंवा कमी आलं तर विषबाधा, आणि पुन्हा तसंच आलं तर पात्र गेलं.

नववीतल्या पोराला पहिल्याच हंगामात 4 पडले. मी फासे परत मागितले नाहीत, पण त्यानंही पुन्हा उचलले नाहीत. त्याच्या काकाचं मला माहीत होतं. तक्ता लिहिताना ते मनात यायला हवं होतं. थोड्या वेळानं तोच म्हणाला, “मरू नको देऊ. डोळे कमी कर याचे.”

मी त्याच्या ‘पाहणं’ या रकान्यात 7 लिहिले आणि सवयीनं ‘ऐकणं’ दोननं वाढवायला गेले. गर्प्स या 1986 च्या अशाच खेळात असंच चालतं: उणीव घेतली की तेवढे गुण परत मिळतात आणि ते दुसरीकडे लावता येतात. पात्रं एकमेकांच्या तोडीस तोड राहावीत म्हणून ही सोय आहे, आणि खेळ म्हणून ती चोख आहे. त्यानं माझा हात धरला. “काकाचे डोळे गेले तं कान थोडीच वाढले, आत्या.”

“मग काय झालं रे?”

“आता ते एकटे नाही जात वावरात. कोणी ना कोणी संगं असते.”

मी ऐकणं होतं तसंच ठेवलं. त्या रात्री सगळे झोपल्यावर चुलीजवळ बसून नवा नियम लिहिला. दोघं मिळून एकच काम करत असतील तर चार फासे टाकायचे आणि सगळ्यात मोठा बाजूला काढायचा. ज्याचं पाहणं 7, त्याचं एकट्यानं शंभरात सोळा वेळा जमतं, संगं कुणी असलं तर पस्तीस वेळा. याची किंमतही खेळातच चुकवावी लागते. वावराला चार टोकं, माणसं चार. दोघं एका टोकाला गेली की एक टोक उघडं पडतं. प्रत्येक कागदावर मी आकड्यांच्या वर एक ओळ घातली: ‘संगं कोण?’

दुसऱ्या दिवशी खेळात तिसऱ्या प्रहरी विहिरीकडं खसफस झाली. लहानगीनं स्वतःहून आपली सोंगटी त्याच्या सोंगटीशेजारी ठेवली आणि दोघं तिकडं गेली. नाल्याकडचं टोक उघडं राहिलं, डुकरं तिथूनच शिरली. हरभऱ्याची सात तासं गेली, आणि तिच्या पात्रावर कर्ज होतं म्हणून ती चौदा धरली. तिनं कागदावर चौदा लिहिले, तेव्हा तो म्हणाला, “एवढं तं जातेच,” आणि चौथ्या प्रहरासाठी फासे तिच्यापुढं सरकवले.